बिनधन्याच्या माणसाचा विमा

विम्याचा इतिहास लिहिणारे बहुधा कंपन्यांचा इतिहास लिहितात. १८१८ साली कलकत्त्यास ओरिएंटल निघाली, १८७० साली मुंबईत बॉम्बे म्युच्युअल निघाली, अशी सनावळी देत देत ते १९५६ च्या राष्ट्रीयीकरणापाशी येऊन थांबतात. ती सनावळी खोटी नाही. पण ज्याचा धनी रोज सकाळी बदलतो, ज्याचे नाव कोणाच्याही पगारपत्रकावर नाही आणि ज्याची गावाकडची जमीन गहाण पडलेली आहे, अशा माणसाचा हात मोडला तर पुढे काय होत असे, हे त्या सनावळीत कोठेच सापडत नाही. मला शोध त्याचा आहे.

आपल्याकडे कुणब्याचा विमा म्हणजे त्याची जमीन. संकट आले की ती पुढे करावयाची. भाषेने या व्यवहाराचे किती बारकावे जपले आहेत पाहा. जमीन कसणाऱ्याकडेच राहिली आणि कागद तेवढा सावकाराकडे गेला, तर ते नजरगहाण. जमिनीचा ताबाच गेला आणि पीकही सावकाराच्या खळ्यावर जाऊ लागले, तर ते ताबेगहाण. आणि ठरल्या मुदतीत पैसे न फिटल्यास जमीन कायमची गेली, असा कागद झाला तर ती मुदतखरेदी. एकाच शेताने एकाच पिढीत या तिन्ही पायऱ्या उतरल्याची उदाहरणे जुन्या दप्तरांत हवी तेवढी मिळतील.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे बाजारच्या दिवशी जमाव उठला. त्याचा मुख्य रोख सावकारांच्या वह्यांवर आणि खतांवर होता. अमेरिकेतील यादवी संपून कापसाचा भाव कोसळलेला, सरकारी सारा वाढलेला आणि सावकाराने हात आखडलेला, अशी ती वेळ. दंगा अहमदनगर जिल्ह्यातही पसरला. सरकारने आयोग नेमला आणि १८७९ साली ‘डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट’ आला. त्याने न्यायाधीशास खताच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याची मुभा दिली आणि कर्जापायी शेतकऱ्यास तुरुंगात टाकण्यास आळा घातला. कायदा चांगलाच होता. पण त्याने पाहिले ते कर्जाकडे. ते कर्ज ज्या हातांनी फेडावयाचे, ते हात आजारी पडले तर काय, हा प्रश्न त्याच्या कक्षेतच नव्हता.

हे हात पुढे मुंबईस गेले. साताऱ्याचे, पुण्याचे, नगरचे, कोकणचे. काही गिरणीत शिरले. ज्यांना गिरणीने घेतले नाही ते मशीद बंदरला, दाणाबंदरला, गोदीत पाठीवर माल वाहू लागले. मी शाळामास्तर आहे. आमच्या शाळेच्या जुन्या पटात ‘वडिलांचा धंदा’ या रकान्यात पानेच्या पाने ‘मुंबईस हमाली’ एवढेच लिहिलेले आहे. गावची ताबेगहाणे सुटली ती या दोन शब्दांवर, मनिऑर्डरी जमवून.

त्याच काळात मुंबईत विमाही बाळसे धरीत होता. सुरुवातीच्या गोऱ्या कंपन्या हिंदी माणसाचा विमा घेताना जादा हप्ता आकारीत. बॉम्बे म्युच्युअलने तो नेहमीच्या दराने घेतला, ही अभिमानाचीच गोष्ट. १८८४ साली टपाल खात्याने आपल्या नोकरांसाठी विमा काढला. पण हे सारे महिन्याच्या महिन्याला पगार मोजणाऱ्यांसाठी होते. हमालास तीन महिन्यांचा हप्ता एकदम कोठून जमावा? शिवाय आयुर्विम्याचे पैसे मिळावयाचे ते माणूस मेल्यावर, नाही तर मुदत भरल्यावर. हमालाचे दुःख निराळे होते. तो मरत नसे. सहा महिने अंथरुणावर पडत असे. विमा नसलेल्या त्या सहा महिन्यांतच जमीन जात असे.

१९२३ साली कामगार नुकसानभरपाईचा कायदा झाला. ठेकेदाराच्या माणसांचीही त्यात तरतूद होती. पण ती अपघातापुरती, आणि आधी धनी कोण ते सिद्ध करावे लागे. माझे एक चुलत आजोबा धान्याच्या बाजारात फळीवरून पोत्यासकट खाली आले आणि त्यांचा खांदा निखळला. शेटजी म्हणाले, मुकादमाला विचार. मुकादम म्हणाला, माल शेटचा, शेटला विचार. दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी बरोबर होते, हीच त्यातली गोम. त्या वर्षी आमचे ओढ्याकाठचे शेत ताबेगहाण गेले. ते सोडवायला दोन भावांना अकरा वर्षे लागली. १९४८ साली राज्य विमा योजनेचा कायदा आला. आजारपणात मजुरीचा काही भाग रोख मिळावा, ही मोठी गोष्ट त्याने प्रथम केली. १९५२ साली कानपूर आणि दिल्लीस तिचा आरंभ झाला. पण तो कायदाही कारखान्याच्या दारात उभा राहूनच विचारीत होता, धनी कोण? बाजारातल्या हमालापाशी उत्तर नव्हते.

मग हे लोक जगले कसे? गावकीच्या खोलीवर. एका गावची पंधरा-वीस माणसे एका खोलीत राहत. आजारी पडलेल्याचे खानावळीचे बिल बाकीचे भरीत. कोणी भिशी लावी, तिचा पहिला उचल गरजवंताला देत. गोव्याच्या खलाशांनी मुंबईत गावागावांच्या ‘कुडी’ काढल्या होत्या. एक जहाज सोडून दुसरे मिळेपर्यंत खलाशी तेथे अल्प भाड्यात टेकत असे. हाही एक विमाच. मात्र त्याचे गोडवे गाणे मला पटत नाही. सारी खोलीच एका बाजारात राबे. बाजार बंद पडला की विमा उतरवणारा आणि उतरवून घेणारा एकाच दिवशी उपाशी.

खरी वाट गोदीने दाखवली. १९४८ च्या कायद्याखाली गोदी कामगारांची नोंद झाली, मुंबईस मंडळ आले आणि कामगार कोणा एका ठेकेदाराचा न राहता मंडळाच्या पटावर आला. हजर राहूनही काम मिळाले नाही, तरी काही रक्कम त्याच्या पदरी पडू लागली. बाजारातील हमालांना हे मिळावे म्हणून अण्णासाहेब पाटलांनी त्यांना संघटित केले. ते साताऱ्याकडचेच. १९६९ साली, वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना, महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार कायदा झाला.

या कायद्याची युक्ती मला एखाद्या चांगल्या कादंबरीच्या कलाटणीसारखी वाटते. इतकी वर्षे सर्वजण हमालाचा धनी शोधीत होते; या कायद्याने धनी शोधणे सोडून दिले आणि ओझ्याला धरले. माल कोणाचाही असो, तो उचलवून घेणाऱ्या व्यापाऱ्याने नोंदणी करावयाची, मजुरी मंडळात भरावयाची आणि तिच्यावर ठराविक टक्के लेव्ही भरावयाची. त्या लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, उपदान, भरपगारी रजा, बोनस, दवाखाना. टोळी आज या गाळ्यावर, उद्या त्या गाळ्यावर. तिचे खाते मात्र मंडळात एकच. व्यापारी, कामगार आणि सरकार असे तिघेही त्या मंडळावर बसतात.

याचा एक परिणाम कायदा करणाऱ्यांनी कितपत ताडला होता, कोण जाणे. हमालाच्या हाती पगाराचा कागद आला. कर्ज देणारा आधी हाच कागद मागतो. बाजार पुढे नवी मुंबईत हलले आणि कोपरखैरणे, घणसोलीस माथाड्यांची घरे उभी राहिली. ज्याच्या बापाने ओढ्याकाठचे शेत गहाण टाकून भाकरी खाल्ली, त्याने घर तारण ठेवून घर घेतले. गहाण हा शब्द तोच. पण एक गहाण माणसाला खाली नेते आणि दुसरे छप्पर देते. फरक एवढाच, की दुसऱ्याच्या मागे रजेचा पगार उभा असतो. सर्व गोडच आहे असेही नव्हे. नोंदणीबाहेर पुष्कळ हमाल राहिले, आणि माथाडीच्या नावाखाली खंडणी मागितल्याच्या तक्रारी औद्योगिक वसाहतींतून येतात. त्या खोट्या माणसांचा त्रास खऱ्या हमालालाच होतो.

आता माझ्या जुन्या विद्यार्थ्यांपैकी बरेच ठेक्यावर काम करतात. कोणी वायरमन, कोणी स्वतःची गाडी चालवणारा, कोणी घरपोच डबे पोचवणारा. त्यांना कोणी हमाल म्हणत नाही; ‘स्वतःचा व्यवसाय’ असे म्हणतात. घरकर्ज काढताना त्यांच्या गळ्यात अनेकदा विमाही पडतो, पण तो बहुधा मृत्यूचा असतो. पाय मोडून घरी बसल्यास त्यातून हप्ता सुटत नाही. काही पॉलिसींत आजार आणि अपंगत्वाची पुरवणी मिळते. ती मागून घ्यावी लागते, आणि कमाईचा कागद पुन्हा आडवा येतो. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत मोबाइलवरून कामे वाटणाऱ्या कंपन्यांनी आपल्या वार्षिक उलाढालीचे एक ते दोन टक्के अशा कामगारांच्या निधीत भरावे, असे कलम आहे. त्यांना दिल्या जाणाऱ्या रकमेच्या पाच टक्क्यांवर मात्र ते जावयाचे नाही. धनी कोण, हा प्रश्न येथेही बाजूला ठेवलेला दिसतो. वायरमन आणि स्वतःची गाडी भाड्याने फिरवणारा मात्र या कलमाबाहेरच आहेत. त्यांच्या कामाच्या मध्ये ना मोबाइलवाली कंपनी आहे, ना मंडळ.