बिनतारी आणि बिनपरवाना

भंडारदऱ्याच्या जलाशयाला वळसा घालणारा रस्ता ज्यांनी भर आषाढात पाहिला आहे, त्यांना धुके म्हणजे काय हे सांगण्याची गरज नाही. शेंडीहून रतनवाडी, साम्रद करीत घाटघरकडे निघालेल्या आमच्या तीन जीपगाड्यांपैकी शेवटची गाडी साम्रदच्या पुढे कुठेतरी रस्त्याकडेच्या चरात घसरली आणि पुढच्या दोन गाड्यांतील आम्हांस त्याचा पत्ता लागला तो तब्बल सव्वा तासाने. मोबाइलला रेंज नव्हतीच. मागच्या गाडीत आमचे एक मधुमेही सहकारी होते आणि त्यांच्या गोळ्यांची पिशवी आमच्या गाडीत होती. सुदैवाने विपरीत काही घडले नाही. मात्र परतताना शेंडीच्या टपरीवर चहा घेत असता, आमचाच माजी विद्यार्थी आणि त्या दिवशीचा सारथी म्हणाला, "सर, पुढच्या वेळी सीबी रेडिओ घेऊ या. स्वस्तातला कोणता घ्यावा, तेवढं तुम्ही बघा."

मराठीच्या प्राध्यापकांना रेडिओ निवडायला सांगणे म्हणजे वैद्याला नाडीऐवजी घड्याळ दुरुस्त करायला सांगण्यासारखे आहे. पण शब्दांच्या मागे लागण्याची आमची खोड जुनी. 'सीबी' म्हणजे 'सिटिझन्स बँड', अर्थात नागरिकांची कंपनपट्टी. ह्या नावातील 'नागरिक' हा शब्द आम्हांस अडवून बसला. हवेतून बोलण्याचा हक्क नागरिकाला मुळात दिला कोणी आणि त्याआधी तो कोणाकडे होता? स्वस्त रेडिओचा शोध असा इतिहासात शिरला. तोही फार दूरच्या नव्हे, आमच्या नगरच्याच. (जिल्ह्याचे अधिकृत नाव २०२४ पासून अहिल्यानगर झाले आहे. जिभेला वळण लागेपर्यंत वाचकांनी 'नगर' चालवून घ्यावे.)

आपल्या भाषेने ह्या यंत्रविद्येला दिलेले 'बिनतारी' हे नाव मोठे मौजेचे आहे. जे नाही त्यावरून ठेवलेले नाव! तारायंत्राचा दबदबा इतका, की त्याच्या अभावानेच नव्या यंत्राची ओळख व्हावी. कायद्याचेही तसेच झाले. १८८५चा भारतीय तार अधिनियम तारांसाठी झाला होता. बिनतारी यंत्रासाठी १९३३ साली स्वतंत्र अधिनियम आला आणि त्याने परवान्याशिवाय असे यंत्र नुसते जवळ बाळगणे हाच गुन्हा ठरवला. बोलणे दूरच राहिले, कपाटात ठेवणेही गुन्हा. घरात साधा ऐकण्याचा रेडिओ ठेवण्यासाठी टपाल कचेरीत वार्षिक शुल्क भरून परवान्याचे पुस्तक नूतन करावे लागे, हे आमच्या वडीलधाऱ्यांना चांगले आठवते. ती पद्धत १९८०च्या दशकात संपली.

राज्यकर्त्यांना ह्या पेटीची एवढी धास्ती का होती, ह्याचे उत्तर १९४२ साली मिळाले. ९ ऑगस्टच्या पहाटे मुंबईत काँग्रेसचे नेते पकडले गेले. त्यांतील कार्यकारिणीचे सदस्य नगरच्या भुईकोट किल्ल्यात आणून ठेवण्यात आले. नेहरू, पटेल, मौलाना आझाद, आचार्य नरेंद्र देव, शंकरराव देव अशी ती मंडळी होती. नेहरूंचा 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' आणि आझादांची 'गुबार-ए-खातिर' ही पत्रे, दोन्हींचा जन्म ह्याच किल्ल्यातला, हे साहित्याच्या विद्यार्थ्यांस सांगावयास नकोच. सांगावयाचे ते निराळे. पहिले काही दिवस ह्या बंदिवानांना वर्तमानपत्रेदेखील मिळत नव्हती. बाहेरच्या जगाचा आवाज खंदकाच्या अलीकडे येऊ नये, असा तो बंदोबस्त.

आणि नेमक्या त्याच दिवसांत मुंबईत विशीतली एक विद्यार्थिनी त्याच्या उलट खटपट करीत होती. उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑगस्टअखेर गुप्त 'काँग्रेस रेडिओ' सुरू केला. पोलिसांना माग लागू नये म्हणून ते यंत्र ह्या घरातून त्या घरात हलवीत. बेचाळीस मीटरच्या आसपासच्या लहरींवरून वर्तमानपत्रांना छापू न दिलेल्या बातम्या बाहेर पडत. ह्या उद्योगामागे जी भूमिगत पुढारी मंडळी होती, त्यांत राममनोहर लोहियांबरोबर आमच्या नगरचे अच्युतराव पटवर्धनही होते. नगरच्या किल्ल्यात आवाज कोंडलेला आणि नगरचाच एक माणूस आवाजाला वाट काढून देणाऱ्यांत! १२ नोव्हेंबरला छापा पडला, प्रक्षेपण चालू असतानाच. उषाबेनना चार वर्षांची शिक्षा झाली. यंत्र मुळात मिळाले कसे, हेही लक्षात घ्यावे. १९३९ साली युद्ध सुरू होताच हौशी बिनतारीवाल्यांचे परवाने रद्द करून त्यांची यंत्रे सरकारजमा केली गेली होती. तरीही यंत्राची जुळणी करणारे हात उरतातच.

ह्याच्या बरोबर उलट चित्र त्याच शहराच्या दुसऱ्या अंगाला होते. नगरची छावणी १९२०च्या दशकापासून चिलखती गाड्यांच्या शिक्षणाचे ठिकाण. स्वातंत्र्यानंतर आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल येथेच स्थिरावले आणि १९९४ मध्ये येथे रणगाडा संग्रहालय उघडले. जुन्या रोल्स रॉइस चिलखती गाडीपासून पाकिस्तानकडून जिंकलेल्या पॅटनपर्यंत बरेच काही तेथे आहे. शालेय सहली पॅटनपाशी थांबतात. आम्ही ह्या खेपेस गाड्यांच्या तोफांकडे न बघता ॲन्टेनांच्या खुंट्या शोधत हिंडलो. पहारेकऱ्यास आमचा संशय आला असल्यास नवल नाही.

रणगाडा हे आंधळे वाहन. आतल्या माणसाला शेजारचा रणगाडा दिसत नाही, इंजिनाच्या घरघरीत स्वतःचा आवाज ऐकू येत नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश व राष्ट्रकुलाच्या सैन्यात ह्यावर जो उपाय सर्रास वापरला गेला, तो 'नंबर १९' हा बिनतारी संच. एका पेटीत तीन कामे. दूरच्या मुख्यालयाशी बोलण्यासाठी लघुलहरींचा एक भाग, गाडीतल्या गाडीत बोलण्यासाठी दुसरा, आणि तुकडीतल्या शेजारच्या रणगाड्यांशी बोलण्यासाठी २३५ मेगाहर्ट्झच्या आसपास चालणारा तिसरा, ज्याचा पल्ला जेमतेम अर्धा-एक मैल. कॅनडात बनलेल्या अनेक संचांवर इंग्रजीबरोबर रशियन अक्षरे असत, कारण ते सोव्हिएत सैन्यालाही पुरवले जात. आमच्या लक्षात राहिला तो तिसरा भाग. पल्ला कमी, कारण तो कमीच हवा. साम्रदच्या धुक्यात आम्हांस दिल्लीशी नव्हे, मागच्या गाडीशी बोलावयाचे होते.

सामान्य माणसासाठी अशी सोय प्रथम अमेरिकेत झाली. १९४५ मध्ये तेथे नागरिकांसाठी कंपनपट्टी राखून ठेवण्याचा निर्णय झाला आणि १९५८ मध्ये २७ मेगाहर्ट्झची पट्टी तेवीस वाहिन्यांसह खुली झाली. १९७३च्या तेलटंचाईनंतर ताशी ५५ मैलांची वेगमर्यादा आली. पोलीस कुठे दबा धरून आहेत आणि डिझेल कुठे मिळते, हे ट्रकचालक एकमेकांना हवेतून सांगू लागले. त्यातून एक बोलीच जन्मली. खरे नाव सांगावयाचे नाही, प्रत्येकाने 'हँडल' घ्यावयाचे. बालकवी रेव्हरंड टिळकांच्या सहवासात ज्या गावात राहिले, त्या गावच्या मराठीच्या मास्तरांना टोपणनावाचे अप्रूप ते काय! असो. परवाने काढणाऱ्यांपेक्षा न काढणारेच इतके वाढले, की १९७७ मध्ये वाहिन्या चाळीस झाल्या आणि १९८३ मध्ये वैयक्तिक परवान्याची अटच गेली. इंग्लंडनेही चोरून बोलणाऱ्यांपुढे हात टेकून १९८१ मध्ये परवानगी दिली. कायदा लोकांच्या मागून चालत आला, असे हे दुर्मीळ उदाहरण.

आपल्याकडे हा दिवस २००५ साली उगवला आणि फारसा कोणाच्या लक्षातही आला नाही. २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ ह्या पट्टीत पाच वॉटपर्यंतच्या यंत्रास परवाना नको, असा नियम त्या वर्षी झाला. १९३३ पासूनची बहात्तर वर्षे एवढ्या आकड्यांत मावली. पण येथेच खरेदीदाराने सावध व्हावे. परदेशी सीबी संचावर चाळीस वाहिन्या असतात. त्यांतली सत्ताविसावी २७.२७५ वर आहे, म्हणजे आपल्या पट्टीच्या आत. अठ्ठाविसावी २७.२८५ वर, म्हणजे बाहेर. काकाने अमेरिकेहून आणलेल्या संचाची कळ एक घर पुढे सरकली, की आपण कायद्याच्या कुंपणापलीकडे. शिवाय परवाना नको ह्याचा अर्थ मान्यता नको असा नाही. यंत्राच्या नमुन्यास दूरसंचार खात्याची मंजुरी असावीच लागते.

आता स्वस्ताईचा प्रश्न. पाच वॉटची मर्यादा गरीब-श्रीमंत सर्वांना सारखी. त्यामुळे महागडा संच घेतल्याने आवाज दूर जातो, हा समज सोडावा. जादा पैसे दिव्यांच्या रोषणाईचे आणि बटणांचे. खर्च करावयाचाच तर ॲन्टेनावर. २७ मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे अकरा मीटर, तिचा चतुर्थांश पावणेतीन मीटर. एवढी काठी जीपवर उभारली तर पहिल्याच आंब्याच्या फांदीला ती वाहावी लागेल. म्हणून तळाशी तारेचे वेटोळे घालून आखूड केलेला ॲन्टेना लावतात, जो आखूडपणाच्या प्रमाणात दुबळा असतो. तो टपाच्या पत्र्यावर मध्यभागी बसवावा, खालचा पत्रा त्याचे अर्धे काम करतो. लहरी परत फिरण्याचे गुणोत्तर एका लहान मीटरने तपासून दीडच्या आत आणल्याखेरीज बोलण्याची कळ दाबू नये, नाहीतर संच स्वतःच्याच उष्णतेने जातो. ह्या पट्टीची एक लहर अशी, की सूर्यावरील डागांचे वर्ष जोरात असेल तर पाच वॉटचा आवाज वातावरणाच्या वरच्या थरावर आपटून हजारो किलोमीटर जाईल आणि समोरच्या कड्यामागच्या गाडीला मात्र ऐकू येणार नाही.

हे सर्व वाचून आमचा सारथी हिरमुसला. मंजुरी असलेला नवा सीबी संच बाजारात सहजी दिसत नाही, हेही त्याला कळून चुकले होते. मग उरला धाकटा भाऊ. ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झवर चालणाऱ्या, हातात धरावयाच्या लहान वॉकीटॉकींना २०१८च्या नियमांनी परवान्यातून मोकळे केले आहे. शक्ती अर्ध्या वॉटच्या घरात, ॲन्टेना अंगचाच, गाडीत भोक पाडावयाचे काम नाही. किंमत खिशाला परवडणारी. मात्र त्याच रूपाचे, पण कोणत्याही कंपनावर बसवता येणारे जास्त शक्तीचे संच संकेतस्थळांवर सर्रास विकले जात होते. त्यावर मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने विक्रेत्यांना नोटिसा धाडल्या. स्वस्त म्हणून ते घेऊ नयेत. पोलीस आणि रुग्णवाहिकांच्या बोलण्यात आपली टपरीवरची चर्चा मिसळावी, ही कल्पनाही बरी नव्हे. खोलात शिरण्याची हौस असेल त्याने परीक्षा देऊन हौशी रेडिओचा रीतसर परवाना काढावा. तो राजमार्ग आहे, पण गाडीतल्या प्रत्येकाला परीक्षेस बसवणे आमच्याच्याने होणे नाही.

शेवटी आम्ही ४४६ जातीचे, मंजुरीचा क्रमांक छापलेले चार नग घेतले. तीन गाड्यांना तीन, एक राखीव. पाऊस ओसरल्यावर त्याच रस्त्यावर ते पारखले. जलाशयाच्या उघड्या पाण्यावरून आवाज खणखणीत येत होता. साम्रदच्या अलीकडच्या वळणाने मध्ये डोंगराचा खांदा घातला आणि मागच्या गाडीचा "ऐकू येतंय का, सर?" अर्ध्यावर तुटला. मॅडमनी वहीत त्या वळणापाशी खूण केली. आता पहिली गाडी तेथे थांबते, शेवटची दिसेपर्यंत हलत नाही, आणि गोळ्यांची पिशवी ज्याची त्याच्या गाडीत असते.