नोकरदारांसाठी ऑनलाइन शिक्षक-पदवीच्या शिष्यवृत्त्या (अमेरिका)

शिक्षक होण्यासाठी लागणारी पदवी किंवा परवान्याचा अभ्यासक्रम नोकरी सांभाळून, मुख्यतः ऑनलाइन पद्धतीने पुरा करणाऱ्या प्रौढांना अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मिळणारे अर्थसाहाय्य. या नावाची एकच अशी योजना नाही. संघराज्य सरकारचे अनुदान, राज्यांच्या योजना, मालकाने भरलेली फी, माजी सैनिकांचे हक्क आणि खाजगी न्यासांच्या शिष्यवृत्त्या अशा निरनिराळ्या ठिकाणांहून रक्कम जुळवावी लागते. लाभार्थींमध्ये दोन गट ठळक आहेत. एक, शाळेतच मदतनीस म्हणून तुटपुंज्या पगारावर काम करणारे आणि वर्गाची जबाबदारी स्वतःकडे यावी म्हणून पदवीमागे लागलेले. दुसरा, मधल्या वयात दुसरा पेशा सोडून अध्यापनाकडे वळलेले. प्रस्तुत नोंदीत संघराज्य सरकारच्या टीच (TEACH) अनुदानाला अधिक जागा दिली आहे. सर्वाधिक कागदपत्रे त्याचीच उपलब्ध आहेत आणि सेवेच्या अटीवर दिलेल्या पैशाचे पुढे काय होते हे त्यातून स्पष्ट दिसते.

पूर्वपीठिका : शिक्षकांना शिकण्यासाठी सरकारी पैसा देण्याची प्रथा १९५८ च्या राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायद्यापर्यंत मागे नेता येते. सोव्हिएत संघाने स्पुटनिक हा उपग्रह सोडल्यानंतर घाईने झालेल्या या कायद्यात विद्यार्थ्यांना कमी व्याजाचे कर्ज मिळे. कर्जदार पुढे सरकारी शाळेत शिक्षक झाला, तर दरवर्षी १० टक्के याप्रमाणे कर्जाचा निम्मा भाग माफ होई. १९८० नंतरच्या दशकात संघराज्याच्या पॉल डग्लस शिष्यवृत्तीने क्रम उलटा केला. पैसे आधी द्यायचे, सेवा नंतर घ्यायची आणि सेवा झाली नाही तर पैसे वसूल करायचे. आजच्या बहुतेक योजना याच दुसऱ्या वळणाने जातात. या दोन्ही योजना आखताना डोळ्यांसमोर होता तो दिवसा महाविद्यालयात जाणारा विद्यार्थी.

दूरशिक्षणाकडे कायदा बराच काळ संशयाने पाहत होता. पत्रद्वारा अभ्यासक्रमांच्या नावाखाली काही संस्थांनी सरकारी मदत लुबाडल्याचे उघड झाल्यावर १९९२ मध्ये निर्बंध आला. निम्म्याहून अधिक अभ्यासक्रम पत्रद्वारा चालवणाऱ्या संस्थेच्या विद्यार्थ्यांना संघराज्याचे साहाय्य बंद झाले, आणि या निर्बंधाचा फटका नव्याने आलेल्या संगणकीय शिक्षणालाही बसला. १९९८ मध्ये निवडक संस्थांपुरता प्रायोगिक अपवाद करण्यात आला. फेब्रुवारी २००६ मध्ये संमत झालेल्या कायद्याने दूरसंचार माध्यमातून चालणारे शिक्षण या मर्यादेतून वगळले. नोकरदार विद्यार्थ्याच्या दृष्टीने हा बदल नंतरच्या कोणत्याही शिष्यवृत्तीपेक्षा मोलाचा होता, कारण त्याआधी अनेकांना साहाय्याचा अर्ज करण्याचीच सोय नव्हती. सर्वसाधारण इतिहासांत त्याची दखल क्वचितच घेतलेली आढळते.

संस्था : या क्षेत्रातील सर्वांत परिचित नाव म्हणजे वेस्टर्न गव्हर्नर्स युनिव्हर्सिटी. १९ राज्यपालांच्या पुढाकाराने १९९७ मध्ये स्थापन झालेली ही ना-नफा संस्था यूटा राज्यातील सॉल्ट लेक सिटी परिसरातून चालते. येथे तासिका मोजत नाहीत. ठरावीक क्षमता सिद्ध केली की विषय सुटतो. फी विषयागणिक नसून सहा महिन्यांच्या सत्रासाठी ठोक असते, त्यामुळे वेगाने पुढे जाणाऱ्याचा खर्च कमी होतो. बालसंगोपन किंवा दुकानातील पाळ्या सांभाळणाऱ्या विद्यार्थ्याला हे सोयीचे ठरले. तिच्या शिक्षक महाविद्यालयाला २००६ मध्ये शिक्षक-शिक्षणाच्या राष्ट्रीय अधिमान्यता परिषदेची मान्यता मिळाली. २०१७ मध्ये शिक्षण खात्याच्या महानिरीक्षकांनी आक्षेप घेतला की या संस्थेत अध्यापक व विद्यार्थी यांचा संपर्क कायद्याला अपेक्षित तेवढा नाही. सबब संस्थेने ७१.३ कोटी डॉलर परत करावेत. जानेवारी २०१९ मध्ये खात्याने ही शिफारस फेटाळली. ऑनलाइन शिक्षणात ‘संपर्क’ कशाला म्हणायचे याविषयीचा वाद मात्र मिटलेला नाही.

इतर अनेक राज्य विद्यापीठे व खाजगी संस्थाही असे अभ्यासक्रम चालवतात.

टीच अनुदान : सप्टेंबर २००७ मध्ये अध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांच्या स्वाक्षरीने झालेल्या महाविद्यालयीन खर्च कपात व प्रवेश कायद्याने हे अनुदान सुरू केले. पहिले वाटप २००८-०९ या शैक्षणिक वर्षात झाले. पूर्णवेळ विद्यार्थ्याला वर्षाला ४,००० डॉलरपर्यंत, पदवीस्तरावर एकूण १६,००० आणि पदव्युत्तर स्तरावर ८,००० डॉलरपर्यंत रक्कम मिळते. २०१३ पासून लागू झालेल्या सरसकट अर्थसंकल्पीय कपातीमुळे प्रत्यक्ष हाती येणारा आकडा थोडा कमी असतो. अलीकडच्या वर्षांत तो कमाल ३,७७२ डॉलर आहे.

नोकरदारांना उपयोगी अशा तीन तरतुदी यात आहेत. पहिली, अर्धवेळ शिकणाऱ्यालाही अनुदान मिळते. तीन-चतुर्थांश भार असेल तर ३,०००, निम्मा असेल तर २,००० आणि त्याहून कमी असेल तर १,००० डॉलर, असे मूळ प्रमाण आहे. दुसरी, कौटुंबिक उत्पन्नाची अट नाही. साहाय्याचा सर्वसाधारण अर्ज भरावाच लागतो, पण गरज सिद्ध करावी लागत नाही. तिसरी, श्रेणी-सरासरी ४ पैकी ३.२५ असावी किंवा प्रवेश परीक्षेत वरच्या चतुर्थांशात गुण असावेत, ही अट सेवेतील शिक्षकाला, आणि टंचाईच्या विषयातील जाणकार असून दुसऱ्या पेशातून निवृत्त झालेल्याला, पदव्युत्तर पदवीसाठी शिथिल आहे. ऑनलाइन की प्रत्यक्ष, असा भेद कायदा करत नाही. संस्था व अभ्यासक्रम पात्र असले म्हणजे पुरते.

मोबदल्यात विद्यार्थी सेवा-करारावर सही करतो. शिक्षण संपल्यापासून आठ वर्षांच्या आत चार वर्षे, पूर्णवेळ, अल्प उत्पन्न गटातील मुलांच्या शाळेत आणि टंचाईचा विषय शिकवायचा. गणित, विज्ञान, विशेष शिक्षण, द्विभाषिक शिक्षण, परकीय भाषा आणि वाचनतज्ज्ञ हे विषय सर्व राज्यांत मान्य आहेत. इतर विषयांची यादी राज्यागणिक व वर्षागणिक बदलते. अट मोडली तर मिळालेली सगळी रक्कम कर्ज ठरते, आणि व्याज कर्ज ठरल्याच्या दिवसापासून नव्हे, तर पैसे हाती आले त्या दिवसापासून लागते. २०१० मध्ये घेतलेल्या ४,००० डॉलरचे २०१५ मध्ये कर्ज झाले, तर त्या वेळच्या ६.८ टक्के दराने साध्या व्याजाचेच १,३६० डॉलर आधी चढलेले असत.

अनुदानाचे कर्जात रूपांतर : शिक्षक शाळेत शिकवतो आहे याचा दाखला दरवर्षी द्यावा लागे. दाखला म्हणजे काही पानांचा नमुना. त्यात शाळेचे नाव, विषय, वर्षाची सुरुवात व अखेर भरायची, शिक्षकाने सही करायची, मुख्याध्यापकांची सही व तारीख घ्यायची आणि कागद कर्जवसुलीचे काम पाहणाऱ्या कंत्राटदार कंपनीकडे मुदतीत पोहोचवायचा. मुख्याध्यापकांच्या सहीखाली तारीख राहिली, किंवा कागद एक दिवस उशिरा पोहोचला, तरी अनुदानाचे कर्ज होई. एकदा झालेले रूपांतर मागे घेण्याची वाट नव्हती. गरीब वस्तीतील शाळेत नियमाप्रमाणे शिकवत असलेली माणसे अशा रीतीने हजारो डॉलरची कर्जदार झाली.

अमेरिकी काँग्रेसच्या शासकीय उत्तरदायित्व कार्यालयाने २०१५ मध्ये दिलेल्या अहवालानुसार १,१२,००० हून अधिक लाभार्थींपैकी सुमारे ३६,००० जणांचे अनुदान कर्जात बदलले होते. २,२५२ प्रकरणांत तर हे रूपांतर चुकीने झाले होते. शिक्षण खात्याने करवून घेतलेला दुसरा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात जुलै २०१४ पूर्वी सेवाकाल सुरू झालेल्यांपैकी ६३ टक्क्यांचे अनुदान कर्ज झाल्याचे नमूद आहे. यांतले किती जण खरोखर अध्यापनात नव्हते आणि किती जण कागदात अडकले, यावर एकमत नाही. योजनेच्या पाठीराख्यांच्या मते अनेकांनी पेशाच सोडला असावा. शिक्षकांच्या बाजूने बोलणारे नमुने, मुदती आणि कंपनीचा पत्रव्यवहार यांवर बोट ठेवतात. तथापि सेवा पूर्ण केलेल्या माणसाकडून केवळ राहून गेलेल्या तारखेपायी व्याजासह वसुली करणे अन्यायाचे होते, याबद्दल प्रस्तुत लेखकाला शंका नाही.

२०१८ मध्ये नॅशनल पब्लिक रेडिओच्या वार्ताहरांनी अशा शिक्षकांच्या कहाण्या सातत्याने प्रसृत केल्या आणि खात्यावर दबाव आला. जानेवारी २०१९ अखेरीस फेरविचाराची प्रक्रिया सुरू झाली. पात्र शाळेत सेवा केल्याचे सिद्ध करणाऱ्यांचे कर्ज पुन्हा अनुदान करण्यात येऊ लागले. १ जुलै २०२१ पासून लागू झालेल्या नियमांनुसार वार्षिक दाखला चुकला एवढ्याच कारणाने रूपांतर होत नाही. लाभार्थीने स्वतः मागितले, किंवा उरलेल्या मुदतीत चार वर्षे भरणे अशक्य झाले, तरच ते होते. ऑक्टोबर २०२१ च्या कायद्याने दाखल्याविषयीच्या या सुधारणांना वैधानिक आधार दिला. त्याच वर्षी बायडन प्रशासनाने काही विद्यार्थ्यांसाठी रक्कम ८,००० डॉलर करण्याचा प्रस्ताव मांडला होता. तो कायद्यात उतरला नाही.

छात्रसेवाकाल : ऑनलाइन पदवीचा एक भाग ऑनलाइन होत नाही. परवान्यापूर्वी विद्यार्थ्याला खऱ्या वर्गात, अनुभवी शिक्षकाच्या देखरेखीखाली, साधारण एक सत्र पूर्णवेळ शिकवावे लागते, आणि या कामाचा पगार बहुतेक ठिकाणी मिळत नाही. रात्री व शनिवार-रविवारी अभ्यास करून इथवर आलेल्या नोकरदाराला या टप्प्यावर नोकरी सोडावी लागते किंवा बिनपगारी रजा घ्यावी लागते. शिष्यवृत्ती फीपुरती असते. घरभाडे, विमा आणि मुलांचा सांभाळ यांना ती पुरत नाही. ऑनलाइन शिक्षक-पदवीची खरी अडचण फीपेक्षा या काही आठवड्यांत आहे, आणि साहाय्याच्या योजना आखणाऱ्यांनी तिच्याकडे फार उशिरा पाहिले. मिशिगन राज्याने २०२२ मध्ये छात्रशिक्षकांना एका सत्रासाठी ९,६०० डॉलर विद्यावेतन देण्याची तरतूद केली. त्याच वर्षी जानेवारीत टेनेसी हे शिक्षकांसाठी नोंदणीकृत शिकाऊ उमेदवारीची योजना संघराज्याच्या कामगार खात्याकडून मान्य करून घेणारे पहिले राज्य ठरले. तिच्यात मदतनीस पगार घेत शाळेतच राहतो, पदवीचा खर्च परभारे भागतो आणि वर्गातले रोजचे काम प्रशिक्षणात धरले जाते. इतर राज्यांनीही पुढे हा मार्ग उचलला.

अन्य साधने : गरजू विद्यार्थ्यांसाठीचे संघराज्याचे पेल अनुदान सामान्यतः पहिल्या पदवीपुरतेच असते. मात्र पदवीनंतरच्या, केवळ परवान्यासाठीच्या अभ्यासक्रमाला, संस्था शिक्षणशास्त्रात पदवी देत नसेल अशा मर्यादित परिस्थितीत, ते मिळू शकते. पेशा बदलणाऱ्यांना हा अपवाद बहुधा कोणी सांगत नाही. मालकाने कर्मचाऱ्याच्या शिक्षणासाठी दिलेली वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंतची रक्कम करमुक्त असते. ही मर्यादा १९८६ पासूनची. माजी सैनिकांना २००९ मध्ये अमलात आलेल्या कायद्यान्वये फी मिळते, पण सर्व विषय ऑनलाइन घेतल्यास घरभाडे भत्ता राष्ट्रीय सरासरीच्या निम्माच मिळतो. म्हणून अनेक जण एखादा विषय मुद्दाम प्रत्यक्ष वर्गात घेतात. विज्ञान-गणिताच्या जाणकारांना शिक्षक करण्यासाठी २००२ मध्ये सुरू झालेली रॉबर्ट नॉइस शिष्यवृत्ती संस्थांमार्फत दिली जाते. तिच्या प्रत्येक वर्षामागे दोन वर्षांची सेवा द्यावी लागते.

खाजगी शिष्यवृत्त्यांत शिक्षण खंडित झालेल्या स्त्रियांसाठी पी.ई.ओ. या संस्थेची १९७३ पासूनची योजना आणि जेनेट रँकिन यांच्या वारशातून १९७६ मध्ये उभा राहिलेला, ३५ वर्षे व त्यापुढील अल्प उत्पन्न गटातील स्त्रियांसाठीचा निधी उल्लेखनीय आहे. रँकिन या अमेरिकी काँग्रेसवर निवडून आलेल्या पहिल्या स्त्री (१९१६). दोन्ही योजना केवळ शिक्षक-पदवीपुरत्या नाहीत.

राज्यांच्या योजना : बहुतेक राज्यांत आहेत, रकमा व अटी वारंवार बदलतात.

परवाना : अध्यापनाचा परवाना राज्य देते. एका राज्यातील ऑनलाइन अभ्यासक्रम दुसऱ्या राज्याच्या परवान्यास पुरेल याची खात्री नसते. जुलै २०२० पासून संस्थेने ही माहिती विद्यार्थ्याला देणे बंधनकारक आहे.

नागरिकत्वाची अट : संघराज्याचे साहाय्य नागरिक, ग्रीन कार्डधारक व निर्वासितांसारख्या काही वर्गांनाच मिळते. नोकरीसाठीच्या एच-१बी व त्यांच्या कुटुंबीयांसाठीच्या एच-४ व्हिसावरील व्यक्ती पात्र नाहीत. महाराष्ट्रातून बी.एड. करून पतीबरोबर अमेरिकेत गेलेल्या आणि तिथे पुन्हा परवान्याच्या वाटेला लागलेल्या स्त्रियांना म्हणूनच पुष्कळदा सगळा खर्च स्वतः करावा लागतो.

भारतातील स्थिती : तुलनेसाठी पाहता, भारतात बी.एड. पूर्णपणे ऑनलाइन देण्यास मान्यता नाही. सेवेतील शिक्षकांसाठी इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आणि नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ (स्थापना १९८९) यांनी दूरस्थ बी.एड. चालवला आहे. अप्रशिक्षित शिक्षकांना ३१ मार्च २०१९ पर्यंत पात्रता मिळवण्याची मुदत २०१७ च्या कायदादुरुस्तीने दिली, आणि राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेने ‘स्वयम्’ या ऑनलाइन मंचावरून अठरा महिन्यांची पदविका चालवली. नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती नियमित दोन वर्षांच्या पदविकेशी समकक्ष नसल्याचा निकाल दिला.