बेअर मेटल सी

ऑपरेटिंग सिस्टिम नसलेल्या यंत्रावर थेट चालणारे सी भाषेतील प्रोग्राम आणि ते लिहिण्याची पद्धत. वॉशिंग मशिन, टीव्हीचा रिमोट, डिजिटल वीजमीटर अशा वस्तूंमधल्या मायक्रोकंट्रोलरवर बहुधा असेच प्रोग्राम चालतात. बूटलोडर आणि खुद्द ऑपरेटिंग सिस्टिमचा कर्नल हेही याच वर्गात मोडतात.

ही सीची आडवाट नव्हे. डेनिस रिची यांनी अमेरिकेतील बेल लॅब्जमध्ये ही भाषा घडवली आणि १९७३ मध्ये युनिक्सचा कर्नल तिच्यात नव्याने लिहिला गेला. कर्नलखाली आधाराला काहीच नसते. म्हणजे सी नावारूपाला आली तीच उघड्या हार्डवेअरवर. १९८९ च्या अमेरिकी प्रमाणकाने दोन अवस्था मान्य केल्या: ऑपरेटिंग सिस्टिमच्या आश्रयाने चालणारी ‘होस्टेड’ आणि स्वतंत्र ‘फ्रीस्टँडिंग’. दुसरीत प्रोग्राम ‘मेन’ या फंक्शनपासूनच सुरू व्हावा असे बंधन नाही. त्या प्रमाणकात लायब्ररीपैकी केवळ चार हेडर फायलींची हमी होती. प्रिंटएफ, मॅलॉक, फाइल उघडणे यांतले काहीच गृहीत धरता येत नाही.

खरे काम असते ते ‘मेन’च्या आधी. ‘ब्लू पिल’ या स्वस्त बोर्डावर वापरली जाणारी एसटीएम३२एफ१०३ ही चिप घेऊ. तिच्यात एआरएम कॉर्टेक्स-एम३ प्रोसेसर, ६४ किलोबाइट फ्लॅश आणि २० किलोबाइट रॅम आहे. फ्लॅशचे पत्ते हेक्समध्ये ०८०००००० पासून, तर रॅमचे २००००००० पासून सुरू होतात. वीज मिळताच प्रोसेसर फ्लॅशच्या आरंभीचे दोन शब्द वाचतो. पहिला स्टॅक पॉइंटरमध्ये जातो; स्टॅक वरून खाली वाढत असल्याने तिथे बहुधा रॅम संपते तो पत्ता, २०००५०००, लिहितात. दुसरा शब्द म्हणजे रीसेट हँडलर या फंक्शनचा पत्ता. त्याचा शेवटचा बिट १ असावा लागतो, कारण हा प्रोसेसर फक्त थम्ब सूचना जाणतो. तिथे ० पडला तर पहिल्याच सूचनेला हार्ड फॉल्ट येतो. स्टॅक हार्डवेअरच लावून देत असल्याने कॉर्टेक्स-एमवर रीसेट हँडलरही साध्या सीमध्ये लिहिता येतो. इतर अनेक प्रोसेसरांवर त्यासाठी असेंब्लीच्या चार ओळी लिहाव्याच लागतात.

या हँडलरची कामे दोन. आरंभीचे मूल्य दिलेली ग्लोबल चलपदे फ्लॅशमधून रॅममध्ये उतरवायची आणि मूल्य न दिलेल्यांची ‘बीएसएस’ नावाची जागा शून्याने भरायची. कोणता विभाग कुठून कुठवर, हे लिंकर स्क्रिप्टमध्ये लिहिलेले असते. पहिले काम राहून गेले तर कोडमध्ये ५ मूल्य दिलेल्या चलपदात प्रत्यक्षात भलतेच काही सापडते, आणि कंपायलर चकार शब्द काढत नाही. एरवी ही उठाठेव कंपायलरसोबत येणारा स्टार्टअप कोड करतो; म्हणून वर्षानुवर्षे सी लिहिणाऱ्यांनाही तिचा पत्ता नसतो.

उपकरणांशी बोलायचे ते ठरावीक पत्त्यांवरील रजिस्टरांतून. ब्लू पिलवरचा दिवा सी पोर्टच्या १३ क्रमांकाच्या पिनवर असतो. तो लावण्याआधी ४००२१०१८ या पत्त्यावरील रजिस्टरात बिट ४ चढवून पोर्टला क्लॉक द्यावा लागतो. नाहीतर पोर्टला लिहिलेले मुकाट वाया जाते. शिवाय हा दिवा पिनवर ० लिहिल्यावर लागतो, १ लिहिल्यावर विझतो. नवख्यांची पहिली संध्याकाळ बहुधा यातच जाते.

असे पत्ते ‘व्होलटाइल’ म्हणून जाहीर करणे अनिवार्य आहे. एखादा स्टेटस बिट बदलेपर्यंत थांबणारे लूप त्याविना लिहिले, तर कंपायलर तो बिट एकदाच वाचून मोकळा होतो आणि लूप कधीच संपत नाही; वेळ काढण्यासाठी लिहिलेले रिकामे लूप तर तो सरळ गाळून टाकतो. मात्र व्होलटाइल हा सर्व रोगांवरचा उतारा नव्हे. इंटरप्ट मध्येच आल्यास वाचणे-बदलणे-लिहिणे ही साखळी त्याने अखंड राहत नाही.

जीसीसी या कंपायलरला फ्रीस्टँडिंगचा पर्याय दिला तरी मेमसीपीवाय, मेममूव्ह, मेमसेट आणि मेमसीएमपी ही चार फंक्शने आपण पुरवावीत, अशी त्याची अपेक्षा असते. गंमत अशी, की मेमसेट स्वतः लिहायला घेतले तर ऑप्टिमायझर त्यातले लूप ओळखून त्याजागी मेमसेटचीच हाक घालू शकतो. फंक्शन मग स्वतःलाच बोलावत राहते आणि स्टॅक संपतो.

पीसीवर तऱ्हा निराळी. जुन्या पद्धतीचा बायोस डिस्कचा पहिला ५१२ बाइटांचा सेक्टर मेमरीत उतरवतो आणि प्रोसेसर १६ बिटांच्या रिअल मोडमध्ये असतानाच ताबा सोपवतो. एवढ्याशा जागेत फार काही मावत नाही, म्हणून बहुतेक जण ग्रबसारख्या बूटलोडरची मदत घेतात.

हाताशी बोर्ड नसल्यास क्यूएमयू हा एम्युलेटर सोयीचा. त्याच्या ‘व्हर्ट’ या एआरएम यंत्रात सीरियल पोर्ट ०९०००००० या पत्त्यावर असतो. तिथे एक बाइट लिहिला की ते अक्षर टर्मिनलवर उमटते. खऱ्या चिपवर त्याआधी क्लॉक, पिन आणि बॉड रेट लावावे लागतात. प्रिंटएफच हवे असेल तर न्यूलिब ही लायब्ररी जोडून तिला ‘राइट’ आणि ‘एसब्रेक’सारखी मोजकी फंक्शने स्वतः लिहून द्यावी लागतात. काही किलोबाइट फ्लॅश त्यात खर्ची पडते, आणि लहान चिपवर तेवढी परवडेलच असे नाही.