मोरीचे अंदाजपत्रक

नरकचतुर्दशीच्या पहाटे घरातली सर्वांत मानाची जागा कोणती, असे कोणी विचारले तर मी बेलाशक मोरीचे नाव घेईन. वर्षाचे तीनशे चौसष्ट दिवस जिच्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही, तिच्या दारात त्या दिवशी रांगोळी उमटते, पणती लागते, पाट मांडला जातो, उटण्याचा वास दरवळतो. आमच्या सासूबाई 'बाथरूम' हा शब्द आजही उच्चारीत नाहीत. त्यांच्या लेखी ती मोरीच. आणि ह्या लेखातही मी तिला मोरीच म्हणणार आहे.

गेल्या दिवाळीत ह्याच मोरीने आमची मान खाली घालायला लावली. सासूबाईंच्या अंगावर पहिला तांब्या पडला आणि थोड्याच वेळात खालच्या मजल्यावरच्या काकांनी दार वाजविले. त्यांच्या स्वयंपाकघरात छतातून पाणी गळत होते, आणि नेमके खाली फराळाचे ताट होते. काका काही बोलले नाहीत. ओली झालेली चकली त्यांनी हातावर धरून नुसती दाखविली. ते रागावले असते तर बरे, असे मला वाटले. त्या वर्षी ते आमच्याकडे फराळाला आले नाहीत. पंचवीस वर्षांत हे प्रथमच घडले.

चूक आमचीच होती. आठ वर्षांपूर्वी मोरीची दुरुस्ती करविताना तीन जणांचे दर मागविले होते आणि त्यांतला सर्वांत कमी दर डोळे मिटून स्वीकारला होता. तेव्हा वाचविलेले पैसे काकांच्या छतातून ठिबकत होते. आता पुन्हा तीन अंदाजपत्रके मागवायची होती. पण ती वाचायची कशी, हे मात्र शिकायला हवे होते.

तिन्ही कागद आठवडाभरात आले. पहिल्यावर एकच ओळ होती: मोरीचे काम मालासह उक्ते, रुपये ९८,०००. दुसरा कागद हाताने लिहिलेला, अकरा कलमांचा; बेरीज १,४६,०००. तिसरा गुळगुळीत, रंगीत चित्रांचा, नळांच्या कंपन्यांची नावे ठळक छापलेला, बेरीज १,७२,०००. घरात मते तीन झाली. मुलाला चित्रे आवडली, यजमानांना एकच ओळ आवडली, आणि सासूबाई म्हणाल्या, "ज्याने जास्त लिहिलंय त्याला आधी बोलाव. लिहिलेलं नाकारता येत नाही."

मी शाळेत इतिहास शिकविते. त्यामुळे अडले की मागे वळून पाहायची खोड आहे. पहिल्यांदा मनात आले ते हे शब्दच. उक्ते, मक्ता, ठेका, मराठवाड्यातला गुत्ता, आणि पोर्तुगिजांकडून आलेले म्हणून सांगितले जाणारे कंत्राट. एकाच व्यवहाराला आपल्या भाषेत इतकी नावे आहेत, ह्याचा अर्थ त्यात आपण पिढ्यान्‌पिढ्या गुंतलेले आहोत. गवंड्याचे घमेले आणि न्हाणीतली बालदी हे शब्दही पोर्तुगिजांचेच. ह्यांपैकी 'उक्ते' हा शब्द मोठा फसवा. मोजमाप नाही, कलमे नाहीत, सगळे मिळून अमुक इतके. ऐकायला सोपे, आणि सोपे म्हणूनच महाग पडणारे.

दुसरी आठवण आली ती मोहेंजोदडोची. तिथले महास्नानगृह १९२५-२६ च्या सुमारास जॉन मार्शल यांच्या देखरेखीखाली उत्खननात उजेडात आले. मुलांना आम्ही त्याची मापे पाठ करायला लावतो: लांबी सुमारे १२ मीटर, रुंदी ७, खोली २.४. पण खरी शिकवण मापांत नाही, ती भिंतीच्या पोटात आहे. कुंडाच्या विटा काठावर उभ्या करून जिप्समच्या चुन्यात घट्ट बसविल्या आहेत. आणि त्यांच्या मागे, कोणाच्याही नजरेस पडणार नाही अशा ठिकाणी, डांबराचा सुमारे इंचभर जाडीचा थर दिला आहे. स्नानाला उतरणाऱ्या माणसाला तो थर कधीच दिसला नसेल. साडेचार हजार वर्षांनी कुदळ लागली तेव्हा तो दिसला. त्याच नगरातल्या साध्या घरांतही न्हाणीची फरशी विटांची, आणि उतार कोपऱ्यातल्या मोरीकडे. पाणी दोनच गोष्टी ऐकते, उतार आणि आतला थर; वरच्या फरशीचा रंग कोणता, ह्याच्याशी त्याला कर्तव्य नसते.

ही आठवण होताच मी तिन्ही कागद पुन्हा काढले आणि फक्त तो न दिसणारा थर शोधला. पहिल्या कागदावर तो नव्हताच. तिसऱ्यावर 'वॉटरप्रूफिंग आवश्यकतेनुसार' असे होते. आवश्यकता कोणी ठरवायची, हे नव्हते. दुसऱ्यावर मात्र चार कलमे त्यासाठीच खर्ची घातली होती: जुनी फरशी स्लॅबपर्यंत काढणे, नळ्यांची जोडणी तपासणे, विटांच्या तुकड्यांचा कोबा उतार देऊन घालणे, आणि फरशी बसविण्यापूर्वी ४८ तास पाणी भरून ठेवून खालच्या घरी जाऊन पाहणे. हे शेवटचे शब्द वाचून मला काकांची ओली चकली आठवली.

तरीही लगेच निवाडा केला नाही. शाळेत तीन मुलांना तीन वेगळ्या प्रश्नपत्रिका देऊन कोणी पहिला नंबर काढीत नाही. अंदाजपत्रकांचे आपण नेमके तेच करतो. म्हणून एका कागदावर बारा प्रश्न लिहिले आणि तिघांनाही तोच कागद दिला. राबिट कोण उचलणार? जिन्यावरून खाली नेण्याची मजुरी धरली आहे का? फरशीचा दर चौरस फुटाला किती धरला? नळ कोणाचे? कोब्याची जाडी किती? गळती झाली तर किती वर्षे जबाबदारी?

पट्टी घेऊन मोरीही मोजली. सात फूट बाय पाच फूट. चारी भिंतींची लांबी २४ फूट, फरशा सात फूट उंचीपर्यंत. म्हणजे १६८ चौरस फूट. दाराचे साडेसतरा वजा केले, जमिनीचे ३५ मिळविले: साडेपंच्याऐंशी आणि शंभर. ब्रास म्हणजे शंभर चौरस फूट, तेव्हा दोन ब्रासलाही थोडे कमीच. तुटफुटीसाठी दहावा हिस्सा वाढविला तरी २०४. रंगीत कागदाने २६० धरले होते. हे गणित सहावीतल्या मुलालाही येईल. फक्त मोरीत पट्टी घेऊन वाकावे लागते.

उत्तरे आली तेव्हा पहिल्या कागदाचे रूप पालटले. राबिट वेगळे, ७,०००. वॉटरप्रूफिंग हवे असल्यास वेगळे, १८,०००. नळ आणि शॉवर आमचे, सुमारे १६,०००. बेरीज १,३९,००० झाली. अठ्ठेचाळीस हजारांचा फरक सात हजारांवर आला. तो मनुष्य लबाड होता असे मी म्हणणार नाही. आम्ही विचारले नव्हते, त्याने सांगितले नव्हते. आठ वर्षांपूर्वीही बहुधा असेच झाले असावे.

पण अंदाज चुकला तर भुर्दंड कोणी सोसायचा? हा प्रश्न आपल्या मोरीपुरता नाही, तो फार जुना आहे. रोमन वास्तुशास्त्रज्ञ विट्रुव्हियस याने इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात लिहिलेल्या ग्रंथाच्या दहाव्या भागाच्या आरंभी एफेसस ह्या ग्रीक नगरीचा एक कायदा सांगितला आहे. सार्वजनिक काम पत्करणाऱ्याने खर्चाचा आकडा आधी द्यायचा, आणि काम पुरे होईपर्यंत त्याची मालमत्ता तारण राहायची. खर्च आकड्याप्रमाणे झाला तर त्याचा सन्मान. चौथ्या हिश्श्यापर्यंत वाढला तर वाढीव रक्कम नगरीच्या खजिन्यातून. त्याहून वाढला तर त्याच्याच मालमत्तेतून वसुली. ग्रंथकाराला हा कायदा कठोर वाटतो, पण अन्याय्य वाटत नाही. खाजगी घरांनाही तो लागू असता तर बरे झाले असते, असे तो म्हणतो. दोन हजार वर्षांपूर्वीचा हा गृहस्थही कुठेतरी पोळला असावा, अशी मला शंका आहे.

आपला कौटिल्यही ह्या बाबतीत ढिला नाही. म्हैसूरला शामशास्त्री यांच्या हाती अर्थशास्त्राची पोथी आली आणि १९०९ मध्ये त्यांनी ती छापून प्रसिद्ध केली, तेव्हा त्यात राजकारणाबरोबर सांडपाण्याचे नियमही निघाले. घरातले पाणी बाहेर नेणारी वाट पुरेशा उताराची हवी, नाहीतर ५४ पण दंड. कारागिराने ठरल्या ठिकाणी, ठरल्या वेळी, ठरले तेच काम करायचे. वेळ टळली तर मजुरीचा चौथा हिस्सा कापायचा आणि वर त्याच्या दुप्पट दंड. ठरल्याहून वेगळेच केले तर मजुरी बुडाली. मात्र आपत्ती ओढवली असेल तर माफी. ह्या शेवटच्या सवलतीमुळे मला हा ग्रंथकार आवडतो. पाऊस आणि आजारपण ही कारणे खरीही असतात, हे त्याला ठाऊक आहे.

हे सारे फार दूरचे वाटत असेल तर जवळचे सांगते. मी कर्जतला राहते. इथून पुढे आगगाडी बोरघाट चढू लागते. घाटाचे काम १८५६ मध्ये सुरू झाले, ते फॅव्हिएल नावाच्या इंग्रज कंत्राटदाराकडे होते. मजुरी थकली, १८५९ मध्ये मजुरांनी दंगा केला, आणि त्याने काम सोडले. त्याच्या जागी सॉलोमन ट्रेडवेल आला आणि येऊन काही दिवस होतात न होतात तोच वारला. कंत्राट त्याच्या पत्नीने, ॲलिस ट्रेडवेलने, सोडले नाही. दोन अभियंत्यांच्या साहाय्याने तिने ते तडीस नेले आणि १८६३ मध्ये घाटातून गाडी गेली. ही गोष्ट मी वर्गात दरवर्षी सांगते आणि मुली कान टवकारून ऐकतात.

ह्या गोष्टीचा उत्तरार्ध मात्र मी आजवर सांगत नव्हते. १८६७ च्या पावसाळ्यात घाटातला एक कमानदार पूल कोसळला. चौकशी झाली तेव्हा ह्या रेल्वेच्या बांधकामातले दोष बाहेर आले. दगडकाम सदोष होते, चुना कच्चा होता. वरून पाहणाऱ्याला पूल भक्कमच दिसत असणार. कच्चेपणा पोटात होता, आणि तो पाण्याच्या दिवसांत उघडा पडला. पूल काय आणि मोरी काय, परीक्षा घेणारा एकच.

इतके सारे उमजूनही माणूस शेवटी माणूसच. दुसऱ्या कागदाच्या धन्याला मी बोलावले. चहा दिला आणि म्हणाले, "काम तुम्हालाच द्यायचं आहे. पण एक लाख तीसमध्ये बसवा." तो बराच वेळ कागदाकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "बसवतो, बाई. पण सोळा हजार कुठून कमी करू ते तुम्हीच सांगा. टाइल्स तुमच्या पसंतीच्या, नळ तुमच्या पसंतीचे. माझ्या हातात फक्त कोबा आहे."

मी गप्प झाले. फ्रान्सच्या चौदाव्या लुईचा किल्लेबांधणीचा तज्ज्ञ व्होबाँ याने १७ जुलै १६८३ रोजी युद्धमंत्री लूव्हवा याला लिहिलेले एक पत्र प्रसिद्ध आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: दर पाडून पाडून कामे देण्याने ती अर्धवट राहतात, ज्यांना दुसरीकडे थारा नाही असे अडाणी आणि लुच्चे लोक तेवढे पुढे येतात, आणि ज्यांच्यात कुवत आहे ते पळून जातात. कामाची योग्य किंमत द्या. प्रामाणिक कंत्राटदाराला त्याचा रास्त मोबदला देण्यात कुरकुर करू नका. सर्वांत स्वस्त सौदा तोच ठरेल. सतराव्या शतकातल्या राजाच्या मंत्र्याला जे ऐकून घ्यावे लागले, तेच आमच्या बैठकीत एका गवंड्याने मला ऐकविले होते, आणि तेही चहाचा कप हातात धरून.

सोळा हजारांची घासाघीस मी मागे घेतली. त्याऐवजी एफेससकरांचे थोडे अनुकरण केले. दहावा हिस्सा इसार. मग जुनी फरशी निघाल्यावर, पाणी भरून पाहिल्यावर, फरशा बसल्यावर असे हप्ते. आणि शेवटचे पंधरा हजार एक पावसाळा उलटल्यावर. ही अट ऐकून तो हसला. "पावसाळा कशाला, बाई? तुमची मोरी तर रोजच पावसाळा आहे." पण अट मान्य केली, आणि कागदावर सही केली. सासूबाईंनी तो कागद देवघरातल्या डब्यात ठेवला.

एप्रिलमध्ये काम झाले. जुनी फरशी उचलली तेव्हा खाली कोबा म्हणून नुसती माती आणि वाळू निघाली. आठ वर्षांपूर्वीची आमची काटकसर मी डोळ्यांनी पाहिली. नवा थर घालून पाणी भरले तेव्हा दोन दिवस मोरी बंद होती, आणि आम्ही आंघोळीला कुठे जावे हा प्रश्न पडला. काकांनीच खालून निरोप धाडला, "आमच्याकडे या. नाहीतरी तुमचं पाणी आमच्याकडे येतच होतं." सासूबाई टॉवेल घेऊन खाली गेल्या आणि तासाभराने परत आल्या. इतका वेळ नुसत्या आंघोळीला लागत नाही.

पावसाळा पार पडला. नवरात्रात गवंड्याचे पंधरा हजार पोहोचते केले. ह्या साऱ्यातून मी शिकले ते एवढेच: अंदाजपत्रकाची बेरीज शेवटी वाचावी. आधी आपली यादी आपण लिहावी, सर्वांना एकच प्रश्न विचारावेत, जे झाकले जाणार आहे त्याला कलम आहे का ते पाहावे, आणि चांगले काम करणाऱ्याच्या पोटावर पाय देऊन काटकसर करू नये. मोहेंजोदडोच्या कोणा अज्ञात गवंड्याला तो डांबराचा थर घालताना कोणी शाबासकी दिली होती की नाही, इतिहासाला ठाऊक नाही. माझ्या गवंड्याला मी दिली.

हे लिहीत असताना खिडकीतून ताज्या रंगाचा वास येतो आहे. काकांनी स्वयंपाकघराचे छत रंगवायला काढले आहे. सासूबाईंनी आज चकलीची भाजणी दळून आणविली. नेहमीपेक्षा दोन किलो जास्त.