शेजार बघून घर घेणारा जीव

मांडवी किंवा जुवारीच्या काठी ओहोटीच्या वेळी गेलात तर जेटीच्या खांबांवर पांढरट, खडबडीत कवचं दिसतील. उघडा पाय घासला तर रक्तच निघतं. हे बार्नॅकल. कवच बघून आपण त्याला शिंपल्यांच्या घराण्यातला समजतो. फ्रान्सच्या क्युव्हिएसारख्या दिग्गजालाही तसंच वाटलं होतं.

हा समज मोडला तो आयर्लंडमधल्या कॉर्क येथे असलेल्या जॉन व्हॉन टॉमसन या लष्करी सर्जनने. समुद्रात पोहणारे बारीक जीव जाळीने पकडून त्याने काचेच्या भांड्यात ठेवले. काही दिवसांत ते तळाला चिकटले, त्यांनी कात टाकली आणि चक्क बार्नॅकल झाले! १८३० साली त्याने हे प्रसिद्ध केलं. म्हणजे हा निघाला खेकडा-कोळंबीचा भाऊबंद.

पुढे डार्विनने १८४६ ते १८५४ अशी आठ वर्षं या जिवांवर घालवली. आपल्या खाड्यांत सर्रास सापडणाऱ्या 'ॲम्फिट्राइट' जातीचं नावही त्यानेच १८५४ मध्ये दिलं.

बहुतेक बार्नॅकल एकाच देहात नर आणि मादी असतात. तरीही फलनासाठी सहसा शेजारी लागतो, आणि जागा सोडता येत नसल्याने तो हाताच्या अंतरावरच हवा. अंडी आईच्या कवचातच वाढतात. बाहेर पडलेली पिल्लं पाण्यात खात-पीत सहा अवस्था पार करतात. मग येते 'सायप्रिड'. ही काहीच खात नाही. अंगातल्या साठ्यावर, मिशांनी चालत, ती जागा चाचपडत राहते. साठा संपायच्या आत निर्णय व्हायला हवा. पसंत पडली की डोकं कायमचं चिकटवून टाकते. चुकलं तर दुरुस्ती नाही.

मग ती निवडते तरी कशावरून? नाइट-जोन्सने १९५३ साली दाखवलं की आपल्याच जातीचे प्रौढ जिथे आहेत, तिथे ती बसणं पसंत करते. इथे कोणीतरी तग धरून आहे, याचाच तो पुरावा. पावसाळ्यात खाडीचं पाणी जवळजवळ गोडं होतं, तिथे तर या पुराव्याचं मोल फारच.

आपण अकरा महिन्यांच्या करारावर घरं बदलतो आणि आधी चौरस फूट विचारतो. हा राईएवढाही नसलेला जीव एकदाच घर घेतो, आणि आधी शेजार बघतो.