हुंडेकरी, कोतवाल आणि अ‍ॅप

वाहन एकाचे, प्रवास किंवा माल दुसऱ्याचा, आणि दोघांची गाठ घालून देऊन आपला वाटा उचलणारा तिसराच, हा व्यवहार छत्रपती संभाजीनगरास नवा नाही. मलिक अंबरने १६१० च्या सुमारास वसविलेली खडकी १६५३ मध्ये औरंगजेबाच्या सुभेदारीत औरंगाबाद झाली. सुरतेहून गोवळकोंड्याकडे जाणारा हमरस्ता तिच्यातून जाई आणि फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निएही भाड्याच्या बैलगाड्या जोडून त्याच वाटेने गेला.

मराठी मुलखात असा मध्यस्थ म्हणजे हुंडेकरी. व्यापाऱ्याकडून एक ठोक रक्कम घेऊन माल मुक्कामास पोहोचविण्याचा मक्ता तो घेई, आणि गाडीवानांचे भाडे व चौक्याचौक्यांवरील जकात त्याच रकमेतून भागवी; वाटेत खर्च वाढला, तर तोटा त्याचा. ही गोष्ट मला फार मोलाची वाटते, कारण त्याची कमाई आणि त्याची जोखीम एकाच करारात बांधलेली होती. नगरात मध्यस्थांवर नजर ठेवणे हे मोगल अमदानीत कोतवालाचे काम. प्रत्येक धंद्यास एक प्रमुख व एक दलाल नेमून खरेदी-विक्री त्यांच्या माहितीने चालावी, असे ‘ऐन-ए-अकबरी’ त्यास बजावते. पुढे या शहरावर राज्य करणाऱ्या निजाम सरकारने तर १९३२ मध्ये सत्तावीस मोटारी घेऊन प्रवासी वाहतूक स्वतःच्याच रेल्वे खात्याकडे घेतली.

आजचा मध्यस्थ अ‍ॅपमध्ये बसला आहे. रिक्षा, तिचे कर्ज, इंधन, दुरुस्ती आणि रिकाम्या फेरीचे नुकसान चालकाचे. दर आणि कपात मात्र बहुतांशी कंपनी ठरवीत आली. या मध्यस्थास कायद्याच्या व्याख्येत आणण्यास मोटार वाहन अधिनियमाची २०१९ ची दुरुस्ती उजाडावी लागली. २०२० च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी वाढीव भाड्यास मूळ दराच्या दीडपटीची मर्यादा घातली आणि भाड्याचा किमान ऐंशी टक्के हिस्सा चालकास द्यावा असे सुचविले. तरीही परवान्यावाचून धंदा करणाऱ्या कंपन्यांना परवान्यासाठी अर्ज करण्याचे फर्मान मार्च २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयास द्यावे लागले, आणि राज्याचे स्वतंत्र धोरण २०२५ मध्ये आले.

आता परिवहन प्राधिकरणाने एवढे करावे: प्रत्येक फेरीत प्रवाशाने काय दिले, कंपनीने काय कापले आणि चालकाच्या पदरी काय पडले, याचा मराठी हिशेब प्रवासी व चालक दोघांनाही मिळण्याची सक्ती परवान्यातच घालावी.