दुकान, उधारी आणि पावती : सुपे १८७५ ते आज

थ्रेड 🧵

नवे दुकान उघडले की नोंदणी, हिशेबाच्या वह्या, बिले, परवाने ही सारी सरकारी पूर्तता आलीच. नव्या दुकानदाराला ती केवळ कर गोळा करण्याची यंत्रणा वाटते. बारामती-इंदापूरच्या इतिहासात मात्र या नियमांतील एका महत्त्वाच्या भागाचे मूळ गिऱ्हाइकाच्या संतापात सापडते. (१/१२)

आरंभी सरकारला दुकानदाराकडून मुख्यतः कर हवा होता. मराठेशाहीत दुकानदार व कारागीर यांच्याकडून मोहतर्फा घेतला जाई. इंग्रजी अंमलातही तो काही काळ चालू राहिला. १८४४ च्या १९ व्या कायद्याने मुंबई इलाख्यातील शहरजकात आणि धंद्यांवरील असे कर रद्द झाले. दुकानदार गिऱ्हाइकाशी हिशेब कसा ठेवतो, हा प्रश्न मात्र कायद्याने अजून हाती घेतला नव्हता. (२/१२)

त्या काळी खेड्यातील दुकानदार आणि सावकार पुष्कळदा एकच असे. धान्य, मीठ, कापड उधारीवर देणारा तोच, बियाण्यासाठी आणि शेतसाऱ्यासाठी रोकड देणाराही तोच. रोजकीर्द व खतावणी त्याच्या घरी. शेतकरी बहुधा निरक्षर. वहीत काय लिहिले आहे हे त्याला दुसऱ्याच्या तोंडूनच कळे. (३/१२)

इंदापूर तालुक्यात १८३६ साली गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी ३० वर्षांच्या मुदतीची जमाबंदी केली. मुदत संपल्यावर १८६७ मध्ये फेरआकारणी झाली आणि साऱ्यात मोठी वाढ झाली. दरम्यान १८६५ साली अमेरिकेतील यादवी युद्ध संपले, तेथील कापूस पुन्हा बाजारात आला आणि इकडचे भाव कोसळले. सारा वाढला तेव्हाच सावकाराचा हात आखडला. (४/१२)

येथे १८५९ चा मुदतीचा कायदा लक्षात घ्यावा. कर्जरोख्याची मुदत त्याने ३ वर्षांवर आणली. व्याज साचत जाऊ नये, हा हेतू. प्रत्यक्षात सावकार दर ३ वर्षांनी नवा रोखा लिहून घेऊ लागले. थकलेले व्याज नव्या रोख्यात मुद्दल बनून येई आणि त्यावर पुन्हा व्याज चढे. ऋणकोच्या रक्षणाचा नियम त्याच्याच गळ्यात अडकला. (५/१२)

१२ मे १८७५. सुपे हे बाजाराचे मोठे गाव. तेव्हा भीमथडी तालुक्यात, आज बारामती तालुक्यात. आसपासच्या गावांतील शेतकरी येथे जमले. त्यांनी सावकार-दुकानदारांकडे वह्या आणि कर्जरोखे मागितले व हाती आले ते जाळले. धान्याची दुकानेही लुटली गेली. (६/१२)

दंगलीचे लोण भीमथडीतील इतर गावांत, शेजारच्या तालुक्यांत व अहमदनगर जिल्ह्यात पोहोचले. ३० हून अधिक गावांना तिची झळ लागली. मात्र माणसांवर हल्ले थोडेच झाले. रोष होता तो कागदावर. ज्या कागदावर आपला अंगठा आहे पण ज्यातील अक्षर आपल्याला वाचता येत नाही, तो कागदच नाहीसा करणे, हा या उठावाचा गाभा होता. (७/१२)

सरकारने ‘डेक्कन रायट्स कमिशन’ नेमले. त्याचा अहवाल १८७८ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटपुढे गेला. पाठोपाठ दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा १८७९ चा १७ वा कायदा आला. तो १ नोव्हेंबर १८७९ पासून पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या जिल्ह्यांत लागू झाला. (८/१२)

त्यानंतर इंदापूरच्या किंवा बारामतीच्या पेठेत नवे दुकान मांडणाऱ्याला शेतकऱ्याशी उधारीचा व्यवहार करताना काय पाळावे लागे?
• कर्जरोखा ग्रामनिबंधकासमोर लिहिणे. एरवी तो न्यायालयात पुरावा म्हणून चालत नसे
• प्रत्येक भरण्याची लेखी पावती देणे, शेतकऱ्याने मागितली नाही तरी
• मागणी झाल्यास वार्षिक हिशेब व खातेपुस्तक देणे
पावती वा हिशेब देण्यात कसूर झाल्यास १०० रुपयांपर्यंत दंड होता. (९/१२)

शिवाय न्यायालय आता केवळ रोखा पाहून निकाल देत नसे. व्यवहाराचा आरंभापासूनचा इतिहास तपासून मुद्दल किती व व्याज किती हे वेगळे काढी. प्रामाणिक लहान दुकानदारालाही याचा जाच होताच. किरकोळ रकमेच्या रोख्यासाठी गिऱ्हाइकाला घेऊन निबंधकाकडे जाणे म्हणजे धंद्याचा वेळ मोडणे. पण नीट वही ठेवणाऱ्याला तीच वही न्यायालयात आधारही देई. (१०/१२)

पळवाटही लवकरच निघाली. गहाणखताऐवजी सरळ खरेदीखत लिहून घ्यायचे. पैसे फेडल्यास जमीन परत, हा करार केवळ तोंडी. कागदोपत्री सारे नियमशीर आणि जमीन मात्र गेलेली. म्हणून १९०७ साली कायद्यात १०-अ हे कलम घालून, खरेदीखतामागे खरा व्यवहार गहाणाचा होता का, हे तपासण्याची मुभा न्यायालयाला देण्यात आली. (११/१२)

पुढे १९४६ च्या मुंबई सावकारी कायद्याने परवाना आवश्यक केला. आज त्याची जागा महाराष्ट्राच्या २०१४ च्या कायद्याने घेतली आहे. २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने, तो लागू झाला तेव्हा, १० पेक्षा कमी कामगारांच्या दुकानाला नोंदणीऐवजी ६० दिवसांत नुसती ऑनलाइन सूचना पुरेशी ठरवली. त्याच वर्षी आलेल्या जीएसटीत नोंदणीकृत दुकानदाराला २०० रुपये वा त्याहून अधिक रकमेच्या विक्रीचे बिल द्यावे लागते, गिऱ्हाइकाने मागो वा न मागो. हेतू आता कराचा आहे. पण न मागताही पावती मिळण्याचा हक्क येथील शेतकऱ्याच्या हाती १८७९ मध्येच आला होता, आणि त्याआधी सुप्यात वह्या जळाल्या होत्या. (१२/१२)